परिभाषेचा प्रवास : विकलांगता-अभ्यास आणि बहुदेशीय वर्ग

विकलांगता-अभ्यास ही ज्ञानशाखा सार्वत्रिकतेचा दावा करीत असली, तरी तिची परिभाषा एका विशिष्ट स्थळी, एका विशिष्ट संघर्षातून घडली आहे. अध्यापनात ही बाब बहुधा निसटते. ब्रिटनमधील एखाद्या विद्यापीठात चीन, जपान, नायजेरिया, भारत अशा देशांतील विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, तेव्हा ती प्रश्नरूपाने परत येते. हा प्रश्न वरवर अनुवादाचा असला, तरी मुळात तो वाचनाचा आणि म्हणून समीक्षेचा आहे.

या शाखेचा आधारभूत भेद परिचित आहे. ‘युपिअस’ या ब्रिटनमधील विकलांग कार्यकर्त्यांच्या संघटनेने 1976 मध्ये ‘इम्पेअरमेंट’ आणि ‘डिसॅबिलिटी’ या दोन संज्ञा वेगळ्या केल्या. पहिली शरीरातील उणिवेची. दुसरी, अशा शरीरांना सामावून न घेणाऱ्या समाजव्यवस्थेने त्यांच्यावर लादलेल्या निर्बंधाची. माइक ऑलिव्हर यांनी 1983 मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले. त्याच्या घडणीत व्हिक फिंकेलस्टाइन यांचा वाटा मोठा होता. वर्णभेदविरोधी कार्यापायी दक्षिण आफ्रिकेत तुरुंगवास आणि सरकारी निर्बंध भोगून ते 1968 मध्ये ब्रिटनमध्ये आश्रयाला आले होते. माणसाला बाहेर ठेवते ती त्याची कातडी नव्हे, तर कायदा आणि रचना, हे ज्याने पाहिले होते त्याला शरीराविषयीही तसाच विचार सुचावा, यात नवल नाही. ‘ब्रिटिश’ म्हणून शिकविले जाणारे हे प्रतिमान मुळातच एका परदेशस्थाच्या अनुभवाचे ऋणी आहे.

वर्गात मात्र ते अनेकदा एका जिन्याची वरची पायरी म्हणून येते : आधी धार्मिक प्रतिमान, मग वैद्यकीय, शेवटी सामाजिक. हा जिना दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु परदेशी विद्यार्थ्याचा देश त्यावर आपोआप खालच्या पायरीवर जातो. मग त्या विद्यार्थ्याकडून एकच अपेक्षा उरते. आपल्या समाजातील कर्मविपाकाच्या, शापाच्या समजुतींची माहिती त्याने पुरवावी; सिद्धान्त दुसऱ्यांनी पुरवावा. तो अभ्यासक राहत नाही, साक्षीदार होतो.

यावर पहिला उतारा शब्दांतच सापडतो. जपानी भाषेतील रूढ संज्ञा दोन चित्रलिपींची आहे. त्यांपैकी एकीचा अर्थ अडथळा, दुसरीचा अपाय. ही दुसरी लिपी बदलावी की काय, यावर तेथे वाद झाला आहे. चिनी भाषेतील रूढ शब्दात मोडलेपण आणि व्याधी एकत्र येतात. मराठीत ‘विकलांग’ आणि ‘दिव्यांग’ या दोहोंत ‘अंग’ आहेच. ‘अपंग’मध्येही ते ऐकू येते. 2016 पासून केंद्रीय कारभारात ‘दिव्यांगजन’ ही संज्ञा रूढ झाली, तेव्हा विशेषण बदलले, विशेष्य तेच राहिले. दोष असो वा दिव्यत्व, ते अंगातच शोधले जाते. जपानी विद्यार्थ्याला ‘डिसॅबिलिटी’तील अडथळा आपल्या शब्दात चटकन सापडू शकेल, मराठी भाषिकाला तो शब्दाबाहेर शोधावा लागतो. हे आपल्या भाषेचे मागासलेपण नव्हे. प्रत्येक भाषेने या अनुभवाचा कोणता भाग नावात घेतला आणि कोणता बाहेर ठेवला, हाच तुलनेचा विषय आहे.

शब्दात नसलेला भेद संहितेत असू शकतो. महाभारतातील धृतराष्ट्राच्या अंधत्वाची उत्पत्तिकथा तेवढी वाचली, तर ‘धार्मिक प्रतिमाना’चे तयार उदाहरण हाती येते. परंतु कथानकाची कळ अंधत्वात नाही. अंधत्वामुळे ज्येष्ठ पुत्राला राज्य नाकारले गेले, या नकारात आहे. दुर्योधनाच्या हक्काचा सारा तंटा तेथून सुरू होतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अंध, बधिर आदींना वारशातून वगळले आहे आणि त्यांच्या पोषणाचे कर्तव्य मात्र वारसांवर टाकले आहे : हक्क नाही, पोटगी आहे. हे वगळणे दूर करण्यासाठी 1928 मध्ये जो कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावातील ‘डिसॅबिलिटीज’ म्हणजे शारीरिक व्यंगे नव्हेत, कायद्याने लादलेल्या अपात्रता होत. सामाजिक प्रतिमानाला हवा असलेला अर्थ वसाहतकालीन हिंदू कायद्याच्या शीर्षकात, 1976 च्या कितीतरी आधी, नांदत होता.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सामाजिक प्रतिमान ठाऊक होते असा काढणे हास्यास्पद ठरेल. त्याच महाकाव्यात धृतराष्ट्राचे अंधत्व पुत्रमोहाचे रूपकही होते. कथन विकलांगतेचा कुबडीसारखा आधार घेते आणि विकलांग माणसाला विसरते, हे मिचेल आणि स्नायडर यांनी 2000 मध्ये मांडलेले निरीक्षण येथेही लागू पडते. सिद्धान्ताने संहिता उजळते आणि संहितेने सिद्धान्ताची वंशावळ दुरुस्त होते. दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालले पाहिजेत.

दुसरा उतारा अधिक कठोर आहे. सामाजिक प्रतिमानाने ‘इम्पेअरमेंट’ला जवळजवळ निसर्गदत्त मानून बाजूला ठेवले. 1984 च्या भोपाळनंतर हे कसे मानावे? तेथे फुप्फुसांची आणि डोळ्यांची हानी हीच मुळी सामाजिक, औद्योगिक घडामोड होती. हेलन मीकोशा यांनी 2011 मध्ये निर्वसाहतीकरणाची मागणी केली ती याच दिशेने : दक्षिणेकडील देशांत उणिवा घडविल्या जातात आणि त्या घडविण्यात उत्तरेचा हात असतो. आपले प्रतिमान परदेशी विद्यार्थ्याला शिकविणाऱ्या विद्यापीठाला हा मुद्दा गैरसोयीचा वाटणे साहजिक आहे.

तेव्हा अशा वर्गात सामाजिक प्रतिमान शिकवू नये असे नाही. ते त्याच्या जन्मस्थळासह, तारखेसह आणि मर्यादांसह शिकवावे. विद्यार्थ्याला त्याच्या देशाचा प्रतिनिधी न मानता त्याच्या भाषेचा वाचक मानावे. ‘तुमच्याकडे काय समजतात?’ याऐवजी ‘तुमच्या भाषेत हा भेद कोठे पडतो, आणि पडत नसेल तर त्या भाषेतील संहिता तो कसा पेलतात?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माहितीचे उत्तर पुरते. दुसऱ्यासाठी वाचावे लागते, आणि ते शिक्षकालाही चुकत नाही.