राष्ट्रगीताची चाल आणि समुदायाचा गळा

राष्ट्रगीताच्या चालीचे गुणदोष पाहताना टीकाकाराची दृष्टी बहुधा रागाकडे वळते. वस्तुतः अशा गीताचा खरा गायक गवई नव्हे. ज्याने स्वरसाधना कधी केलेली नाही असा समुदाय हाच त्याचा गायक होय. त्याच्या तोंडी भाषेतील ऱ्हस्वदीर्घ आणि श्वास ज्या चालीत सुखरूप राहतात, ती चाल चांगली. ही कसोटी पुढे न आल्याने 'वंदे मातरम्'चा वाद, निदान त्याच्या सांगीतिक अंगापुरता, भलत्याच मुद्द्यावर लढला गेला. मास्तर कृष्णरावांनी त्या गीतास झिंझोटीत चाल दिली, आणि ती बँडवर वाजणार नाही असा आक्षेप येताच तीही तयारी करून दाखविली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत नेहरूंनी केलेल्या निवेदनातही वाद्यवृंदाची सोय हाच मुद्दा ठळक होता. वाद्याचा विचार झाला, गळ्याचा फारसा झाला नाही.

'जन गण मन' या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते. चाल लगतच्या स्वरांवरून चालते, अक्षरागणिक बहुधा एकच स्वर येतो, आणि सारे सुमारे ५२ सेकंदांत आटोपते. मात्र अखेरचे जयघोष तार षड्जावरून सुरू होतात, आणि तेथे अनेकांचा गळा फसतो. शेवट षड्जावर न होता मध्यमावर होतो. जाणकारास ते अपुरे वाटेल, समुदायास त्याची जाणीवही नसते.

महाराष्ट्राचे राज्यगीत या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. नागपुरात १९१२ साली जन्मलेल्या राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. शीर्षकातील चारच शब्द पाहावेत : 'हा', 'रा', 'मा', 'झा' अशी चार दीर्घ 'आ'कारान्त अक्षरे त्यांत आहेत. 'आ' उच्चारताना मुख पूर्ण उघडते आणि आवाज विनासायास मोठा होतो. 'ष्ट्र' हे जोडाक्षर एरवी अडखळविणारे. पण मागचा 'रा' मुळातच दीर्घ असल्याने त्याला विसावा मिळतो. नद्यांच्या नामावलीतही वाक्यान्वय सांभाळावा लागत नाही. प्रत्येक नाम स्वतंत्रपणे उच्चारता येते. (त्यांतील 'वरदा' म्हणजे विदर्भाची वर्धा, हे येथील विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा सांगावे लागते.) खळे यांच्या चाली एरवी गायकाची परीक्षा पाहणाऱ्या, ध्रुपदात त्यांनी केलेला संयम म्हणूनच विशेष मोलाचा आहे.

कडव्यांविषयी तसे म्हणता येत नाही. तेथे शाहिराचा चढा गळा गृहीत धरलेला आहे. त्यामुळे समुदाय कडव्यात मंदावतो व ध्रुपदाशी पुन्हा एकवटतो. पोवाड्यात हे दूषण नव्हे, कारण तेथे शाहिराच्या मागे झीलकरी असतात आणि कामाची वाटणी ठरलेली असते. राज्यगीतात मात्र प्रत्येकाने सारे म्हणावे अशी अपेक्षा आहे. गीतातील दोनच कडवी स्वीकारून लांबी आटोक्यात आणली गेली, पण पट्टीचा प्रश्न लांबीने सुटत नाही. ध्वनिमुद्रिकेची पट्टी ही साबळे यांच्या गळ्याची पट्टी आहे, आणि शाळेतील मुले तिच्याच मागोमाग गातात.