संगणक प्रशिक्षण आणि अल्प उत्पन्न गटाचा रोजगार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचा जो प्रसार झाला, त्याच्या केंद्रस्थानी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम होता. राज्य शासनाच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड ही संस्था स्थापन झाली आणि खासगी केंद्रांच्या जाळ्यातून हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हतेची अट आल्यावर तर दहावी-बारावीनंतर 'एमएस-सीआयटी करणे' ही ग्रामीण कुटुंबांत जवळजवळ रूढीच झाली. संगणक आला की नोकरी मिळते, हे या रूढीमागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा करावयाची आहे.

जिल्ह्याची आर्थिक पार्श्वभूमी

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार इतकी असून तीपैकी सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस हे मुख्य पीक. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळचा समावेश होता. वणी परिसरातील कोळसा खाणी आणि यवतमाळजवळील वस्त्रोद्योग वगळता मोठे संघटित उद्योग कमीच. जिनिंग-प्रेसिंग, आडत, दुकानदारी आणि शेतमजुरी यांवरच बहुसंख्य अल्प उत्पन्न कुटुंबांचा चरितार्थ चालतो. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलाम व गोंड समाजाची वस्ती आहे. कोलामी किंवा गोंडी ही ज्यांची घरची भाषा, त्यांना संगणकाच्या पडद्यावरील इंग्रजीआधी प्रशिक्षकाच्या प्रमाण मराठीचा उंबरठा ओलांडावा लागतो.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, प्रशिक्षण हे श्रमाच्या पुरवठ्याची गुणवत्ता वाढविते. श्रमाची मागणी निर्माण करीत नाही. जेथे संगणकावर काम करणाऱ्या माणसाला बोलावणाऱ्या कचेऱ्याच मोजक्या आहेत, तेथे प्रशिक्षितांची संख्या वाढल्याने स्पर्धा वाढते, जागा वाढत नाहीत.

कौशल्य की प्रवेशपत्र?

संगणक आणि वेतन यांच्या संबंधाविषयी अर्थशास्त्रात एक उद्बोधक वाद झालेला आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी १९९३ साली असे दाखविले की, कामावर संगणक वापरणाऱ्यांचे वेतन इतरांपेक्षा १० ते १५ टक्क्यांनी अधिक असते. १९९७ साली जॉन डिनार्डो व यॉर्न-स्टेफेन पिश्के यांनी जर्मनीतील आकडेवारी तपासली. तेव्हा पेन्सिल वापरणाऱ्यांच्या आणि बसून काम करणाऱ्यांच्या वेतनातही जवळपास तसाच फरक आढळला. पेन्सिल हाती दिल्याने कोणाचे वेतन वाढत नाही, हे उघड आहे. ज्यांना मुळात चांगली नोकरी मिळते, त्यांच्याच टेबलावर पेन्सिल आणि संगणक येतात, असा या निष्कर्षाचा आशय होता.

हा मुद्दा आपल्या जिल्ह्यालाही लागू पडतो. एमएस-सीआयटी उत्तीर्ण झालेल्या काही तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, हे खरे आहे. परंतु त्या प्रमाणपत्रामुळे मिळाल्या, की पदवी, टंकलेखन, इंग्रजी, ओळखीपाळखी आणि काही वर्षे बिनपगारी तयारी करू देणारे घर यांमुळे मिळाल्या, हा प्रश्न विचारला जात नाही. राज्यातील २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. जे प्रमाणपत्र जवळजवळ प्रत्येक स्पर्धकाकडे असते, ते कोणालाच पुढे नेत नाही. मात्र ज्याच्याकडे ते नाही तो स्वतःला आरंभीच बाद समजतो. अशा वेळी प्रमाणपत्राचे स्वरूप कौशल्याच्या पुराव्यापेक्षा प्रवेशपत्रासारखे होते आणि त्याची किंमत उमेदवार भरतो.

किंमत कोण मोजतो?

ही किंमत केवळ शुल्कापुरती नसते. शुल्क चार ते पाच हजार रुपये धरले, तर २०२४-२५ मधील रोजगार हमीच्या २९७ रुपये या दराने ती सुमारे चौदा ते सतरा दिवसांची मजुरी होते. त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळवावी लागते. दिवाळीपासून पुढे कापूस वेचणीचा हंगाम असतो. वेचणी किलोवर मोजली जात असल्याने घरातील मुलगी तालुक्याला वर्गाला गेली, की तेवढी कमाई बुडते. वर्गाचे वेळापत्रक आखताना हा हंगाम विचारात घेतला गेला पाहिजे.

येथे एक बाब आवर्जून नोंदवावी लागेल. तलाठी पदाच्या भरतीत संगणक अर्हता नसलेल्या उमेदवारालाही अर्ज करता येत होता. नियुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत ती मिळविण्याची मुभा होती. म्हणजे गरीब कुटुंबाने नोकरीच्या आशेवर आधीच पैसे भरणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. ही माहिती प्रशिक्षण केंद्राच्या फलकावर लिहिलेली नसते.

गावातील संगणकाचे काम

गावातच संगणकाचे काम निर्माण करण्याचा प्रयत्न शासनाने केला. २०११ पासून 'संग्राम' अर्थात संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र या प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक परिचालक नेमण्यात आले. हा प्रकल्प २०१५ अखेर संपला व त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. दाखले, नोंदी, ऑनलाइन अर्ज अशी अत्यावश्यक कामे या परिचालकांनी केली. तरीही तुटपुंजे मानधन, ते मिळण्यास होणारा विलंब आणि कर्मचारी म्हणून मान्यता नसणे यांविरुद्ध त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. प्रशिक्षण होते, कामही होते. नव्हती ती वेतनाची हमी. रोजगाराच्या प्रश्नाचे मूळ कौशल्याच्या अभावातच शोधणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावयास हवा.

दुसरीकडे मागणीचे स्वरूपही बदलले आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर होऊ लागली. २०२५ च्या कापूस हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवरील नोंदणी आवश्यक ठरली. गावात अशी नोंदणी करून देणाऱ्याची गरज आहे; परंतु हे काम हंगामी व दर अर्जामागे पैसे देणारे आहे. त्यातून जोडउत्पन्न मिळते, स्थिर नोकरी नव्हे.

प्रशिक्षणाची जमेची बाजू

या चिकित्सेचा अर्थ प्रशिक्षण निरर्थक आहे, असा नाही. आज स्पर्धा परीक्षा संगणकावर होतात. माऊस प्रथमच हाती धरणारा उमेदवार तेथे वेळ गमावतो. मराठी टंकलेखनाचा वेग हे लिपिकपदासाठी प्रत्यक्ष उपयोगी पडणारे कौशल्य आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला सरावाची दुसरी जागा नसते. आक्षेप आहे तो यशाच्या मोजमापावर. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे यश सहा कोटींचे उद्दिष्ट ओलांडल्याच्या आकड्याने सांगितले गेले. साक्षरतेच्या योजनेला हे माप चालेल. नोकरीचे आश्वासन देऊन शुल्क घेणाऱ्या अभ्यासक्रमाला ते चालणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, यवतमाळसारख्या जिल्ह्यात संगणक प्रशिक्षणाने अल्प उत्पन्न गटासाठी रोजगाराचे दार उघडले, त्यापेक्षा त्या दारावर आणखी एक शुल्क बसविले. हे बदलावयाचे असल्यास चार गोष्टी कराव्या लागतील. अर्हता कोणत्या पदासाठी अर्जापूर्वी आवश्यक आहे व कोणत्या पदासाठी नाही, हे प्रत्येक केंद्राने प्रवेशाच्या वेळी लेखी सांगावे. उत्तीर्णांपैकी किती जण वर्षभरानंतर संगणकाच्या कामावर आहेत, याची नोंद प्रसिद्ध करावी. अल्प उत्पन्न उमेदवाराचे शुल्क नियुक्तीनंतर वसूल करण्याची सोय असावी. आणि ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाला किमान वेतन मिळावे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत खर्चिक आहे. परंतु तिच्यावाचून उरलेल्या तिन्हींचा लाभ मर्यादितच राहील.