भिंतीवरचे फूल आणि हातातले फूल

फुलाचा उभा छेद दाखवणारा तक्ता बहुतेक शाळांत असतो. मधोमध सुरईसारखे एक स्त्रीकेसर; खाली फुगीर अंडाशय, वर कुक्षीवृंत, टोकाला कुक्षी. रेषा सुबक, नावे स्पष्ट. नावांची ओळख करून देण्यास तो चांगलाच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. हे चित्र कोणत्या फुलाचे, ते तक्त्यावर लिहिलेले नसते. त्यामुळे ‘फूल असेच असते’ असा मुलांचा समज होतो.

एका वर्गात आम्ही जास्वंदीची फुले वाटून जायांगाची आकृती काढायला सांगितली. बहुतेक वह्यांत सुरईच उतरली. वास्तविक जास्वंदीत पुंकेसरांच्या नळीतून एक नव्हे, पाच कुक्षी बाहेर डोकावतात. मुलांना त्या दिसल्या नव्हत्या असे नाही. एका मुलीने पाच ठिपके काढून खोडले होते. “तक्त्यात एकच आहे ना!” हे तिचे उत्तर. डोळ्यांनी पाहिलेले खोडायला लावणारे चित्र विज्ञानाच्या तासाला परवडत नाही.

जायांगात स्त्रीकेसर एक असू शकते किंवा अनेक. वाटाण्यात ते एकच असते, म्हणून शेंगेत एकच कप्पा. भेंडीत सहसा पाच, काही वाणांत अधिक, पण सारी एकमेकांस जोडलेली. सीताफळात तर पुष्कळ; बी असलेली प्रत्येक पाकळी म्हणजे एकेक स्त्रीकेसर.

तक्त्यात अंडाशय नेहमी पाकळ्यांच्या वर बसलेला असतो. भोपळ्याचे मादीफूल पाहावे: इवलासा भोपळा पाकळ्यांच्या खाली असतो. तोच अंडाशय. शेजारच्या नरफुलात तो नसतोच. एकाच वेलावर तक्ता दोनदा चुकतो!

शिक्षकांनी एक करून पाहावे. भेंडीच्या फुलातील कुक्षीच्या पाळ्या मोजाव्यात. मग त्याच झाडाच्या कोवळ्या भेंडीची आडवी चकती कापून कप्पे मोजावेत. दोन्ही आकडे जुळतात का, हे मुलांनाच ठरवू द्यावे. अंडाशयाचे फळ होते आणि बीजांडांच्या बिया, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही.

तक्ता काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याखाली फुलाचे नाव मात्र छापावे. आणि परीक्षेत पाच कुक्षी काढणाऱ्या मुलीचे गुण कापण्यापूर्वी तिच्या हातात कोणते फूल होते, एवढे विचारावे.