हमीदा बानू यांची कुस्ती-कारकीर्द : संशय, पुरावा आणि न्याय – एक चिकित्सा

बीजसंज्ञा : व्यावसायिक कुस्ती, स्त्री-मल्ल, नुरा कुस्ती, वृत्तपत्रीय साधने, मुंबई राज्य, क्रीडा-इतिहास.

प्रस्तावना :

कुस्ती हा महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनाचा जुना आणि जिवंत भाग आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेला राजाश्रय, कोल्हापूरचे खासबाग मैदान, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील खाशाबा जाधव यांचे कांस्यपदक आणि १९६१ पासूनची ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा या टप्प्यांवर मराठीत बरेच लेखन झालेले आहे. हे लेखन प्रामुख्याने पुरुष मल्लांचे आहे. मात्र १९४० आणि १९५० च्या दशकांत मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदा येथील मैदानांशी एका स्त्री-मल्लाचे नाव जोडले गेले होते, याचा उल्लेख त्यात अभावानेच आढळतो. हे नाव हमीदा बानू यांचे होय. मूळच्या मिर्झापूरच्या आणि अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्याकडे कुस्ती शिकलेल्या हमीदा बानू पुरुष मल्लांशी लढत असत. त्यांच्या आयुष्याची अखेर महाराष्ट्रात, कल्याण येथे, १९८६ साली झाली.

त्यांच्याविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, ते एका प्रश्नाभोवती फिरते. त्यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या की आधी ठरवून केलेल्या, म्हणजे ‘नुरा कुस्ती’ होत्या? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न गैरलागू नाही. परंतु तो एकटाच पुरेसाही नाही. लढतींचा खरेपणा, त्या लढती बंद पाडण्याच्या निर्णयाची न्याय्यता आणि कारकीर्द संपण्याचे प्रत्यक्ष कारण, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे या कारकीर्दीचे मूल्यमापन आजवर नीट झालेले नाही. रणजय सेन यांच्या ‘नेशन ॲट प्ले’ या २०१५ च्या क्रीडा-इतिहासविषयक ग्रंथातील माहिती, तत्कालीन वृत्तांचे उपलब्ध तपशील आणि अलीकडच्या काळात बीबीसीने संकलित केलेल्या कुटुंबीयांच्या आठवणी यांच्या आधारे येथे विवेचन केले आहे.

१. वृत्तपत्रांनी काय पाहिले?

फेब्रुवारी १९५४ मध्ये हमीदा बानू यांनी जाहीर आव्हान दिले की, जो मल्ल आपल्याला हरवील त्याच्याशी आपण विवाह करू. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या पुढे होते. यानंतर त्यांनी पतियाळा व कलकत्ता येथील दोन मल्लांना हरवल्याचे वृत्त आले. मे महिन्याच्या प्रारंभी त्या बडोद्याला पोहोचल्या. ठरलेला प्रतिस्पर्धी छोटे गामा पहिलवान याने ऐनवेळी माघार घेतली. त्याच्या जागी आलेल्या बाबा पहिलवानाला त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केले. या विजयाच्या निमित्ताने त्यांचे नाव परदेशी वृत्तसंस्थांपर्यंत पोहोचले.

विवाहाच्या आव्हानाचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. पण लावून विवाह ठरवण्याची कल्पना आपल्या पुराणकथांत व लोककथांत सर्वत्र आढळते. तेथे धनुष्य किंवा मत्स्य ही कसोटी असते आणि राजकन्या हे पणाचे फळ असते. हमीदा बानू यांच्या आव्हानात कसोटी व फळ या दोन्ही जागा एकाच व्यक्तीकडे आल्या आहेत. पण जिंकणाऱ्याला ज्या स्त्रीशी लग्न करायचे, तिलाच त्याने मातीत लोळवले पाहिजे. ही कल्पना त्यांची स्वतःची होती की त्यांच्या कुस्त्या भरवणाऱ्यांची, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी तिच्यात जाहिरातीचे कौशल्य होते, हे मान्य केले पाहिजे. ती आकर्षक होती आणि तिकिटे खपवणारी होती.

वृत्तपत्रांनी मात्र या कौशल्याच्या पलीकडे फारसे पाहिले नाही. त्यांची उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो, दररोज सुमारे साडेपाच लिटर दूध, जवळजवळ किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, बिर्याणीच्या दोन थाळ्या, नऊ तासांची झोप आणि सहा तासांचा सराव, असा तपशील छापला गेला. मल्लाच्या खुराकाविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे आणि पुरुष मल्लांच्या बाबतीतही ते असते. तथापि कोल्हापूर-सांगलीकडचा जाणता प्रेक्षक खुराकावर थांबत नाही. कोणत्या डावावर कुस्ती निकाली झाली, पट कसा काढला, ढाक लागली की धोबीपछाड, हे तो प्रथम विचारतो. हमीदा बानू यांच्याविषयी ज्या बातम्यांचा आज वारंवार आधार घेतला जातो, त्यांत सेकंदांची मोजदाद आहे, दुधाची मोजदाद आहे. परंतु डावाचे नाव नाही. पुढे जेव्हा त्यांच्या कुस्तीच्या खरेपणाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा ती शंका तपासण्यासाठी ज्या पुराव्याची गरज होती, तोच या बातम्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवला नाही. शंकेचे निरसन न होण्याचा दोष मल्लाच्या माथी मारण्यापूर्वी साधनांची ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

नामकरणाचा मुद्दाही येथे नोंदवण्याजोगा आहे. ‘पैलवान’ या शब्दाचे रूढ स्त्रीलिंगी रूप मराठीत नाही. ‘महिला कुस्तीपटू’ हा आजचा शब्द क्रीडासंघटनांच्या व वृत्तपत्रांच्या भाषेतून आलेला आहे. इंग्रजी वृत्तपत्रांनी हमीदा बानू यांना ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हटले, म्हणजे ग्रीक पुराणातील योद्ध्या स्त्रियांची आठवण काढली. ज्या व्यवसायात जन्म गेला, त्या व्यवसायाचे साधे नाव लावण्याऐवजी एक अद्भुत बिरुद लावले गेले. अद्भुताचे कौतुक होते. परंतु त्याला कामकरी माणसाचे हक्क मिळत नाहीत.

२. संशयाचे स्वरूप

आता संशयाकडे वळू. तो निराधार होता असे म्हणता येणार नाही. तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा हमीदा बानू यांचा दावा होता. त्याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. त्यांच्या एका कुस्तीनंतर एक लंगडा व एक अंध मल्ल यांची लढत ठेवली होती, अशी माहिती सेन देतात. क्रीडा आणि करमणूक यांची सरमिसळ यावरून स्पष्ट होते. काही पुरुष मल्ल आधी संगनमत करून हरतात, असा प्रवाद त्या काळीही होता. म्हणून हमीदा बानू यांना निष्कलंक अजिंक्य वीरांगना ठरवणे हे अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही.

परंतु हा संशय सर्वांना सारख्याच मापाने लावला गेला काय? त्याच सुमारास दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल लढतींना प्रेक्षक गर्दी करीत होते. अशा व्यावसायिक लढतींत खेळ किती आणि प्रदर्शन किती, याविषयी जगभर शंका घेतल्या गेल्या आहेत. तरीही दारासिंग यांची प्रतिष्ठा वाढत गेली. ते चित्रपटांचे नायक झाले आणि २००३ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. त्यांचा मान अयोग्य होता असे येथे सुचवायचे नाही. पुरुष मल्लाच्या बाबतीत करमणुकीचा अंश हा त्याच्या लोकप्रियतेचा भाग मानला गेला, तर स्त्री-मल्लाच्या बाबतीत तोच अंश तिच्या संपूर्ण कारकीर्दीला खोटे ठरवण्यास पुरेसा समजला गेला, एवढाच मुद्दा आहे.

महाराष्ट्रातील दोन प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या मल्लाला हरवल्यानंतर हमीदा बानू यांच्यावर दगडफेक झाली, पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला आणि ती कुस्ती म्हणजे फार्स असल्याचे प्रेक्षकांनी म्हटले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. कोल्हापूरच्या प्रेक्षकाने कुस्ती पाहिली आणि तिला खोटी म्हटले. तो प्रेक्षक जाणता होता, त्यामुळे त्याचे मत एकदम झटकून टाकता येत नाही. मात्र ठरवून केलेल्या कुस्तीत दोघे सामील असतात. दगड पडले ते हमीदा बानू यांच्यावर, अशीच नोंद आहे. पुण्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तेथील आक्षेपाचे शब्द काहीही असोत, तो कुस्ती होण्यापूर्वीचा आहे. जी कुस्ती झालीच नाही, तिचा खोटेपणा सिद्ध करता येत नाही. उलट, ती होऊ दिली असती तर पुण्यातील वस्तादांच्या डोळ्यांदेखत संशयाचा निकाल लागला असता. खरेपणा सिद्ध करा असे म्हणायचे आणि सिद्ध करण्याचे मैदान नाकारायचे, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

३. बंदी आणि न्याय

पुढे हमीदा बानू यांच्या कुस्त्यांना मनाई झाली, तेव्हा त्यांनी तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नसून, आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्यामुळे आहे, असा खुलासा देसाई यांनी केला.

वरकरणी हा खुलासा तर्कशुद्ध दिसतो. त्यात लिंगभेदाचा इन्कार आहे आणि प्रेक्षकांची फसवणूक टाळण्याचा हेतूही आहे. तथापि दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला असा की, दोष आयोजकांचा असेल तर त्याची शिक्षा मल्लाच्या उपजीविकेला का? दुसरा असा की, प्रतिस्पर्धी नावापुरता आहे अशी शंका असेल तर तोडीची जोड लावणे हा साधा उपाय होता. आपल्या मैदानांत जोड लावताना दोन्ही मल्लांचे वजन, वय आणि लौकिक पंच व वस्ताद पाहत असतात. ज्या राज्यात ही व्यवस्था गावोगावच्या जत्रांत चालत होती, तेथे ती एका स्त्री-मल्लासाठी लावता आली नसती असे मानणे कठीण आहे.

माघार नेहमी एकाच बाजूची नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. १९४४ मध्ये मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची लढत पाहण्यासाठी सुमारे वीस हजार प्रेक्षक जमल्याचे वृत्त ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिले होते. गुंगा पहिलवानाच्या अवाजवी मागण्यांमुळे ती लढत होऊ शकली नाही आणि संतप्त प्रेक्षकांनी मोडतोड केली. बडोद्यात छोटे गामाने माघार घेतली. स्त्रीशी हरण्याची नामुष्की किंवा स्त्रीशी लढण्याचा संकोच, यांपैकी काहीही कारण असले तरी एक गोष्ट उघड आहे. नामांकित पुरुष मल्ल पुढे आले नाहीत, तर आयोजकांना कमी नावाचे मल्ल उभे करावे लागतात. आणि असे मल्ल उभे केले की कुस्तीच खोटी ठरते. संशयाचा काही भाग अशा प्रकारे संशय घेणाऱ्यांच्याच व्यवस्थेने निर्माण केलेला होता.

४. कारकीर्दीचा शेवट

सार्वजनिक विरोधानेच ही कारकीर्द संपवली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. उपलब्ध माहिती वेगळे सांगते. १९५४ मध्येच मुंबईत त्यांनी वेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लाला एका मिनिटाच्या आत हरवले आणि युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर त्यांचे नाव वृत्तपत्रांतून दिसेनासे झाले. कुटुंबातील आठवणींनुसार युरोपला जाण्याचा बेत सलाम पहिलवान यांना पसंत नव्हता आणि त्यांनी केलेल्या मारहाणीत हमीदा बानू यांचा हात मोडला. दोघांतील नात्याविषयी कुटुंबीयांत एकमत नाही. त्यामुळे या कथनाकडे न्यायालयीन पुरावा म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून पाहिले पाहिजे. पुढे कल्याणमध्ये दुधाचा व्यवसाय आणि उतारवयात रस्त्याकडेला खाद्यपदार्थांची विक्री, असा त्यांचा जीवनक्रम या आठवणींतून समजतो.

ही साक्ष ग्राह्य मानली, तर नुरा कुस्तीच्या चर्चेचा अपुरेपणा स्पष्ट होतो. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असतो. पुरुष शिष्य वयात आला, नावारूपाला आला की त्या शब्दाच्या कक्षेतून मानाने बाहेर पडू शकतो. हमीदा बानू यांच्या बाबतीत तालीम आणि घर एकच झाले होते. त्यामुळे बाहेर पडण्याची वाट एकच होती आणि ती परदेशाकडे जात होती. मैदानावर त्यांना कोणी हरवले असो वा नसो, कारकीर्दीचा निकाल मैदानाबाहेर लागला.

निष्कर्ष :

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदा बानू यांचे चित्र प्रसिद्ध केले आणि भारताच्या ‘पहिल्या’ स्त्री-मल्ल म्हणून त्यांचे नाव नव्या पिढीपुढे आले. ही दखल स्वागतार्ह आहे. परंतु अशा गौरवात संशयाचा प्रश्न सहसा गाळला जातो, जसा पूर्वीच्या टीकेत न्यायाचा प्रश्न गाळला गेला होता. दोन्ही ठिकाणी चिकित्सा टळते. त्यांच्या काही लढती प्रदर्शनवजा असू शकतील, सर्व तशा होत्या असे सिद्ध झालेले नाही आणि सर्व खऱ्या होत्या असेही नाही. निश्चितपणे म्हणता येते ते असे की, त्यांना तोडीची जोड व निःपक्ष मैदान सातत्याने मिळाले नाही आणि त्याची जबाबदारी त्यांची नव्हती.

स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिम्पिकमध्ये २००४ साली स्थान मिळाले. महिलांसाठीची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी वैष्णवी पाटील यांच्यावर विजय मिळवला. वजनगट, पंच आणि नियम यांच्या चौकटीत दोन मुली लढल्या आणि निकालाला फार्स म्हणण्याची वेळ कोणावर आली नाही. पराभूत मल्ल कल्याणची होती. त्याच शहरात, त्या आधी ३७ वर्षांपूर्वी, हमीदा बानू यांचे निधन झाले होते. त्यांच्या कुस्त्यांचा खरेपणा तपासण्यासाठी जी चौकट हवी होती, ती त्यांच्या हयातीत महाराष्ट्राने उभी केली नाही. आपल्या कुस्तीच्या इतिहासात त्यांचे प्रकरण समाविष्ट करताना ही उणीव त्यांच्या नव्हे, तर आपल्या नावावर नोंदवणे उचित ठरेल.