दीक्षेपूर्वीची उमेदवारी : 'अरुणोदय' व 'स्मृतिचित्रे' यांतील पाळकपणाची घडण

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांची समीक्षा बहुतेक वेळा धर्मांतराच्या घटनेभोवती फिरत राहिली आहे. व्यक्तीने पूर्वधर्म का सोडला, घरच्यांनी व जातीने तिला कसे वागवले, बाप्तिस्म्याचा दिवस कसा उजाडला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु धर्मांतरित व्यक्तीपैकी काहीजण पुढे मंडळीचे पाळक झाले. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा हा प्रवासाचा शेवट नसून एका अवघड उमेदवारीचा आरंभ होता. नव्याने स्वीकारलेल्या धर्मात स्वतः स्थिर होण्याआधीच इतरांना स्थिर करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येत होती. ही उमेदवारी मराठी साहित्यात कोठे व कशी उमटली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. त्यासाठी बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' हे दोन ग्रंथ निवडले आहेत. पाळकाची खरी घडण आपल्या साहित्यात पाळकाने नव्हे, तर त्याच्या पत्नीने लिहिली आणि त्या घडणीत ती स्वतःही उमेदवारच होती, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

'पाळक' हे पद आणि महाराष्ट्रीय समाज

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. एतद्देशीय मंडळ्यांना एतद्देशीय पाळक असावेत या विचारातून १८५४ मध्ये अहमदनगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. या घटनेचे महत्त्व केवळ मिशनच्या इतिहासापुरते नाही. महाराष्ट्रीय समाजाला धर्मकार्य करणाऱ्या माणसाचे काही नमुने परिचित होते : जन्माने अधिकार मिळालेला उपाध्याय, अनुग्रह देणारा गुरू, गावोगाव फिरणारा कीर्तनकार आणि संसारातून बाहेर पडलेला संन्यासी. पाळक यांपैकी कोणीच नव्हता. त्याचा अधिकार जन्माने येत नव्हता, तो संसारी होता आणि एकाच मंडळीशी बांधलेला होता. उपासना चालवणे, उपदेश करणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी पार पाडणे एवढ्यावर त्याचे काम संपत नसे. आजाऱ्याच्या घरी जाणे, भांडणे मिटवणे, लग्ने लावणे, प्रेताला मूठमाती देणे आणि वर्गणीचा हिशेब ठेवणे हेही त्याच्याच वाट्याला येई.

यात आणखी एक पेच होता. पहिल्या पिढीतील अनेक प्रमुख पाळक उच्चवर्णीय व ग्रंथव्यासंगी होते, तर अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे बालपणी शिकवले गेले, त्यांच्याच हातात भाकर द्यायची आणि त्यांच्याच घरी पाणी प्यायचे, अशी ही उमेदवारी होती. तिच्यात शिकण्याइतकेच शिकलेले विसरणेही होते. कोणत्याही सेमिनरीच्या अभ्यासक्रमात या विसरण्यासाठी स्वतंत्र विषय असणे शक्य नव्हते.

'अरुणोदय' : उंबरठ्यापर्यंतचा प्रवास

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. मिशन शाळांतील शिक्षण, मुंबईतील परमहंस मंडळीशी आलेला संबंध आणि दीर्घ वैचारिक संघर्ष यांनंतर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीमुळे त्यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात कायम झाले. १८६७ मध्ये ते पुणे येथील फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले. काही वर्षांनी ते पद सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य मुख्यतः ग्रंथलेखन व संपादन यांस वाहिले.

'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत गणले जाते. ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगते. अंधारातून उजेडाकडे जाणारी ही कथा आहे आणि उजाडल्यानंतर अशा कथेचे मुख्य प्रयोजन संपते. पूर्वाश्रमीचे सण, व्रते, घरातील धार्मिक वातावरण आणि मनात उठलेले संशय यांची पदमनजींनी केलेली नोंद सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र पुढे मंडळीची जबाबदारी घेताना माणूस आतून कसा बदलतो, याला या रचनेत पुरेशी जागा मिळत नाही. हा लेखकाचा उणेपणा मानण्याचे कारण नाही, कारण तो वाङ्मयप्रकाराचा स्वभाव आहे. धर्मांतराची कथा सांगणाऱ्याला निश्चयी असावे लागते, तर उमेदवाराची कथा सांगणाऱ्याला आपले अडखळणे दाखवावे लागते. नव्या धर्माची साक्ष देण्यासाठी लेखणी हाती घेतलेल्या माणसाला हे दुसरे काम करणे कठीण जाते. पाळकपद सोडून लेखनाकडे वळलेल्या पदमनजींकडे या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ असणार, असे वाचकाला राहून राहून वाटते.

'स्मृतिचित्रे' : घरात चाललेले शिक्षण

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराचा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार, डोंगरावरील प्रवचनाने झालेला परिणाम आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा, हे टप्पे बहुतेक चरित्रपर लेखनात येतात. त्यानंतर टिळक अहमदनगरला आले व तेथील थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवू लागले. त्यांना पाळकपदाची दीक्षा मात्र १९०४ मध्ये मिळाली. म्हणजे बाप्तिस्मा व दीक्षा यांत सुमारे नऊ वर्षांचे अंतर आहे आणि या काळात ते भावी उपदेशकांचे शिक्षकही होते. ज्ञानाच्या बाबतीत गुरू आणि पदाच्या बाबतीत उमेदवार, अशी ही दुहेरी अवस्था आहे.

जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्रात टिळक प्रामुख्याने कवी व भक्त म्हणून समोर येतात. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त दिसणारे टिळक वेगळे आहेत. ते तापट आहेत व लगेच पश्चात्ताप करणारेही आहेत. संसारासाठी दिलेला पैसा भलत्याच वस्तूवर खर्च करून ते समाधानाने घरी परततात. दारी आलेल्याला नाही म्हणणे त्यांना जमत नाही आणि त्या होकाराचा भार मात्र स्वयंपाकघरावर पडतो. समीक्षकांनी या प्रसंगांतील विनोदाची मनापासून प्रशंसा केली, आणि ती योग्यच आहे. तथापि या विनोदाचे कार्य काय, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

आमच्या मते हा विनोद हीच पाळकाची परीक्षा आहे. औदार्य हा गुण टिळकांच्या ठायी मुळातच होता, पण औदार्य आणि पाळकपण या भिन्न गोष्टी आहेत. उदार माणूस जवळचे देऊन मोकळा होतो. पाळकाला दिल्यानंतरही त्या माणसाबरोबर राहावे लागते : त्याचे दुखणे, त्याचे कर्ज, त्याचा हट्ट यांसह. घरात येऊन राहणारी परकी मुले, अवेळी येणारे पाहुणे, आश्रयाला आलेले तरुण यांच्याशी वागताना टिळक हे शिकत गेले. हे शिक्षण प्रत्यक्ष पाहणारी आणि त्याची किंमत मोजणारी व्यक्ती लक्ष्मीबाई होती. म्हणूनच त्यांच्या लेखणीला जे दिसले, ते चरित्रकाराला दिसले नाही.

दीक्षा नसलेली उमेदवार

पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी व आपली चूल वेगळी ठेवली. या काळाचे त्यांनी केलेले वर्णन मराठी गद्यातील अत्यंत प्रामाणिक लेखनात मोडते. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, ही गोष्ट त्यांना कोणाच्या उपदेशाने पटली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या विचारातून एका क्षणी उलगडली आणि मग तिचा परिणाम त्यांच्या आचारावर झाला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वर उल्लेखिलेले 'शिकलेले विसरणे' येथे प्रत्यक्ष घडताना दिसते आणि ते पाणी पिण्यासारख्या रोजच्या कृतीतून घडते.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी केलेली कामे पाहिली, तर ती पाळकाच्या कामांहून फारशी निराळी नाहीत. निराधारांना आधार देणे, मुलांना वाढवणे, बायकांशी धर्माविषयी बोलणे हे सारे त्यांनी केले. टिळकांच्या निधनाने अपूर्ण राहिलेल्या 'ख्रिस्तायना'ची बहुतांश रचनाही त्यांचीच आहे. या सर्वांसाठी त्यांना ना सेमिनरी होती ना दीक्षाविधी. स्त्रियांना दीक्षा देण्याचा विचार मंडळ्यांनी पुढे कित्येक दशकांनी केला. एकाच घरात दोन उमेदवार होते. त्यांपैकी एकाची दीक्षा इतिहासात नोंदली गेली व दुसऱ्याची उमेदवारी 'संसार' या नावाखाली झाकली गेली. 'स्मृतिचित्रे'ला केवळ सुखदुःखाच्या सहजीवनाची कथा मानणारे वाचन हेच झाकण कायम ठेवते.

अशा वाचनामुळे लक्ष्मीबाईंचे पुस्तक पुन्हा टिळकांच्या चरित्राचे साधन बनते, असा आक्षेप घेता येईल. परंतु येथे घडते ते उलट आहे. पाळकपणाचा विषय मध्यभागी आणला की लक्ष्मीबाई साक्षीदाराच्या जागेवरून उठून कर्त्याच्या जागी येतात.

पदाचा त्याग व ग्रंथाची मर्यादा

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' या कल्पनेचा पुरस्कार केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान होते. या निर्णयाकडे कविमनाची लहर म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पाळक नेमका कोणाचा, वेतन देणाऱ्या संस्थेचा की समोर बसलेल्या मंडळीचा, हा प्रश्न एतद्देशीय पाळकांपुढे आरंभापासून होता. टिळकांनी तो आयुष्याच्या अखेरीस स्वतःपुरता सोडवला. भजन व कीर्तन यांच्या आधारे त्यांनी मंडळीला दिलेली गीते आजही 'उपासनासंगीत' या संग्रहात मोठ्या संख्येने आहेत. परक्या चालीवर गाणाऱ्या मंडळीला तिच्याच ओळखीची लय देणे हेही पाळकाचेच काम होते.

तरीही 'स्मृतिचित्रे'ची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ज्या मंडळीसाठी हे सारे घडले, त्या मंडळीतील दलित स्त्रीपुरुष या ग्रंथात बहुधा टिळकांच्या घराच्या दारातून दिसतात. ब्राह्मण पाळक आपले सोवळे विसरत असताना समोरच्या माणसाने काय पाहिले, त्याला काय वाटले, त्याने या उमेदवाराला किती सांभाळून घेतले, याची कथा त्या माणसाच्या शब्दांत आपल्याला येथे मिळत नाही. पाळकाला मंडळीच घडवते हे मान्य केले, तर घडवणाऱ्याचा आवाज नसणे ही लहान उणीव नव्हे.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात

या विवेचनाचा रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागाशी संबंध काय, असे विचारले जाईल. 'स्मृतिचित्रे'त येणारे मुरबाड हे कर्जतलगतच्या तालुक्याचे गाव. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला व १८६३ मध्ये बोरघाट चढून गेला. मुंबईतील मिशन संस्था आणि घाटमाथ्यावरील पुणे-नगरच्या मंडळ्या यांना जोडणारी एक प्रमुख वाट अशा रीतीने या तालुक्यांतून गेली. परंतु भौगोलिक जवळिकीपेक्षा अध्यापनाचा प्रश्न अधिक निकटचा आहे. येथील महाविद्यालयांच्या परिसरात ठाकूर व कातकरी वाड्या आहेत, आगरी व मराठा समाजांची गावे आहेत आणि औद्योगिक वसाहतींमुळे बाहेरून आलेली कुटुंबेही आहेत. या भागात आज एखादा तरुण पाळकपदाची उमेदवारी करू लागला, तर त्याच्यासमोर टिळकांसमोरचेच प्रश्न निराळ्या रूपात उभे राहतील : कोणाच्या बोलीत बोलायचे, कोणाच्या घरी जेवायचे, वर्गणी देऊ न शकणाऱ्याला मंडळीत कोणते स्थान द्यायचे. पुण्यासारख्या शहरातील सेमिनरीचे शिक्षण त्याला ग्रंथ देईल. वाडीवरचे दार ठोठावण्याचे शिक्षण मात्र वाडीतच मिळेल.

हे प्रश्न एका धर्मापुरते मर्यादित नाहीत. गावात प्रथमच रुजू होणारा शिक्षक, परिचारिका किंवा ग्रामसेवक यांच्यापुढेही ते असतात. 'स्मृतिचित्रे' शिकवताना विनोदी उताऱ्यांच्या जोडीला हा प्रश्न वर्गात मांडला, तर कोणताही विद्यार्थी तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहू शकेल.

निष्कर्ष

मराठी ख्रिस्ती साहित्याने धर्मांतराची कथा समर्थपणे सांगितली. पाळकाच्या उमेदवारीची कथा मात्र त्याने फार थोड्या ठिकाणी सांगितली आणि ती सांगण्याचे श्रेय प्रामुख्याने लक्ष्मीबाई टिळकांकडे जाते. 'अरुणोदय' वाचकाला उंबरठ्यापर्यंत आणतो, तर 'स्मृतिचित्रे' त्याला घरात नेते. या घरात पाळकाचे शिक्षण दीक्षेच्या दिवशी पूर्ण होत नाही, त्याची सर्वांत कठोर परीक्षक त्याच्याच चुलीपाशी बसलेली असते आणि तीही त्याच वाटेची प्रवासी असते. यापुढील अभ्यासाने या घरातून बाहेर पडून मंडळीच्या बाकावर बसलेल्यांकडे वळले पाहिजे. त्यांच्या आठवणी कौटुंबिक कागदपत्रांत, 'ज्ञानोदय'सारख्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांत व मौखिक परंपरेत शोधाव्या लागतील. त्या हाती आल्यावाचून पाळकपणाच्या घडणीचे चित्र अर्धेच राहील.