संशयिताला उत्तर देऊ द्या

पडद्यावरचा नट म्हणतो, ‘खून मी केला नाही.’ आपण विचारतो, ‘मग रात्री दहा वाजता तू कुठे होतास?’ तो क्षणभर गांगरतो आणि सांगतो, ‘पुढचा सुगावा तुम्हाला पाठवला आहे, तो बघा.’ जिवंत नटांना घेऊन चालणाऱ्या ऑनलाइन रहस्यखेळांपैकी बहुतेकांची गत ही अशी आहे. समोर हाडामांसाचा माणूस बसलेला असतो आणि त्याला पहाऱ्यावर उभं केलेलं असतं. याचा मला संताप येतो, कारण या कलेत जे मोलाचं आहे तेच तिथं वाया जातं.

आकडे जुळवून कुलपं उघडायचे खेळ मी नाट्यकलेत धरत नाही. लंडनच्या स्वॅम्प मोटेलनं २०२० मध्ये केलेल्या ‘प्लिमथ पॉइंट’ची वाहवा झाली, पण आधीच चित्रित केलेल्या पुराव्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी हृषीकेश जोशींनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’, म्हणजे इंटरनेटवरचं नाटक, केलं. नट आपापल्या घरून, त्याच वेळी, खरोखर प्रयोग करत होते. धाडस मोठं होतं, पण प्रेक्षकाच्या वाट्याला पाहणंच आलं.

मला भावली ती तिसरी वाट. लंडनच्याच एक्झिट प्रॉडक्शन्सच्या ‘ज्युरी ड्यूटी’त खेळणारे ज्युरी होतात, कागदपत्रं चाळतात आणि आरोपीची उलटतपासणी करतात. आरोपी म्हणजे एक नट. त्याला स्वतःची हकिगत पाठ आहे, तुमचा प्रश्न मात्र त्याला ठाऊक नाही. खोटं बोलताना त्याला मागचं खोटं लक्षात ठेवावं लागतं. आयन रँडच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’नं १९३५ मध्ये ब्रॉडवेवर प्रेक्षकांतून ज्युरी बसवली होती, पण ती फक्त निकाल देई. इथं प्रेक्षक तोंड उघडतो आणि नटाचा कस लागतो. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांवर वाढलेल्या, ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबाला खुर्चीतूनच जाब विचारावासा वाटलेल्या मराठी माणसाला याची गोडी वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आणि हा कस लावून घेणारे कलावंत आमच्या मराठवाड्यात आहेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात. वगाची कथा ठरलेली असते, पण जुन्या रिवाजात संवाद लिहिलेले नसत. बतावणीत सोंगाड्या समोरच्याच्या शब्दावर शब्द चढवत जातो आणि प्रेक्षकांतून कुणी ओरडलं तर त्यालाही पोटात घेतो. भेदिक शाहिरीत तर कोडं हाच खेळ. शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले एकमेकांना गूढ सवाल टाकतात, जबाब तिथल्या तिथं द्यावा लागतो, आणि अडला त्याची हार सगळ्या गावासमोर होते.

बहुरूपी तर याहून पुढचा. तो खाकी कपडे चढवून, काखेत छडी मारून भर दुपारी दारात उभा राहतो. ‘घरात किती माणसं? त्या दिवशी तुमचा थोरला कुठं होता? वॉरंट आहे.’ घरची बाई चाचरत उत्तर देते, पोरं खांबाआड लपतात, शेजारी जमतात. बाईनं दिलेलं प्रत्येक उत्तर उचलून तो त्याचाच नवा आरोप करतो. कधीतरी तिला संशय येतो, ती हसते, मग तीच त्याची तपासणी घेऊ लागते आणि तो हरतो. सोंग उतरतं, पसाभर जोंधळे मिळतात. मंच नाही, संहिता नाही, आणि आपण नाटकात आहोत हे प्रेक्षकाला उशिरा कळतं. आज लाखो रुपये खर्चून जे साधायचा प्रयत्न चालला आहे, ते हा माणूस ओसरीवर साधत होता.

ही ओसरी आता बंद झाली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. सोंग घेऊन परक्या गावात शिरणं कुणालाही जिवावर बेतू शकतं, हे त्या दिवसानं दाखवलं. म्हणूनच मी म्हणतो, त्याच मोबाइलवर या कलेला सुरक्षित अंगण मिळत असेल तर ते आपण का नाकारायचं?

नाकारलं जातंय ते आपल्या नाट्यशिक्षणामुळे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नांदेड केंद्रावर असो की युवक महोत्सवातल्या एकांकिकेत, संहिता आधी, तालीम मग, पाठांतर पक्कं, आणि समोरचा अंधार गप्प. नाटककार दत्ता भगतांनी ‘आवर्त’मध्ये लोकनाट्याचा घाट वापरून जातीचा प्रश्न ऐरणीवर आणला, तोही याच नांदेडातून. त्यांच्यानंतरच्या किती जणांनी लोककलेकडे ढोलकी आणि फेट्यापलीकडे पाहिलं? उत्स्फूर्तपणा म्हणजे पाचकळपणा, हा समज शिक्षकांनीच मुलांच्या डोक्यात भरला. त्यामुळे आमचा पदवीधर नट अनपेक्षित प्रश्नापुढे गप्प होतो, आणि बहुरूप्याचा अडाणी म्हणवला गेलेला मुलगा होत नाही.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात विषय कुठला? लातूरच्या बाजार समितीत या. सोयाबीन आणि तुरीचा एवढा मोठा व्यवहार चालतो तिथं. वखारीतून रातोरात चाळीस पोती गायब झाली असं धरून चला. अडत्या, मुनीम, हमाल, राखणदार, माल ठेवणारा शेतकरी, पाच चौकटींत पाच संशयित. ‘रात्री कुठं गेल्ताव?’ असा प्रश्न इथल्या बोलीत पडला की नटाला इथल्याच बोलीत सुटावं लागेल. पुण्या-मुंबईच्या नटाला ते जमणार नाही, आणि इंग्रजी खेळाचा तर्जुमा तर नकोच.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात नाट्यशिक्षण दिलं जातं. तिथं बहुरूपी आणि सोंगाडे वर्गावर शिकवायला यावेत, सत्कारापुरते नव्हेत. त्यांना प्राध्यापकाच्या तासाएवढं मानधन मिळावं, आणि खेळ विकला गेला तर तिकिटाच्या पैशात त्यांचा लेखी वाटा असावा. स्पर्धेच्या नियमांत संहितेशिवायच्या प्रयोगाला जागा करा. परीक्षकांनाही मोकळं सोडा, त्यांनी प्रयोग चालू असतानाच संशयिताला प्रश्न विचारावेत.