वाढलेल्या बांगड्यांची बाग

मराठीत सवाष्णीच्या हातची बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये हा शब्द शब्दशः खरा होतो. नेकचंद सैनी यांनी घडवलेल्या कित्येक बायका तिथे अंगभर फुटक्या बांगड्या लेवून उभ्या आहेत.

फाळणीत गाव सुटलेले नेकचंद बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नव्या शहरासाठी गावं पाडली गेली. त्यांचा राडारोडा, फुटक्या फरशा, कपबशा त्यांनी सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेल्या आणि वर्षानुवर्षं गुपचूप मूर्ती रचल्या. बाग उघडकीला आली तेव्हा ती बेकायदा होती. 1976मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

समीक्षक बहुधा या एकांड्या माणसाच्या गोष्टीतच रमतात. ‘आउटसायडर आर्ट’ हे लेबल लावलं की काम संपतं. पण बाग चालून पाहिली तर ती एकट्यासाठी रचलेली वाटत नाही. सुरुवातीच्या अरुंद वाटा आणि ठेंगणी दारं प्रत्येकाला वाकायला लावतात. साहेब असो की मजूर, रांग एकच. पुढे जागा मोकळी होते, उंच कमानींना झोके टांगलेले दिसतात आणि त्यांवर लेकुरवाळी कुटुंबं बसलेली असतात. मूर्ती पाहायला आलेले लोक इथे एकमेकांना पाहू लागतात.

शहराचे शिल्पकार ल कॉर्बूझिए यांच्या जाहीरनाम्यानुसार चंडीगडच्या उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत. नेकचंदांच्या मूर्ती कुणा एकाच्या नाहीत. त्यामुळे इथे जमायला जयंती लागत नाही, हार लागत नाहीत. पुतळ्यांवरून गट पडणाऱ्या आपल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे.

आक्षेप आहेतच. आत जायला तिकीट लागतं आणि तिकीट असलेली जागा पूर्णार्थाने सार्वजनिक म्हणता येत नाही. गर्दीमुळे मूर्तींची झीज होते, हेही खरं. पण गर्दी हटवून जपलेली बाग हे निव्वळ संग्रहालय होईल, आणि संग्रहालयासाठी रस्त्यावर उतरणारे लोक थोडेच.

इथे लोक उतरले. रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते अडवले. मार्च 2025मध्ये मात्र उच्च न्यायालयाकडच्या रस्त्यासाठी आणि पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला; विरोध झाला, पण भिंत गेली. पाडलेल्या गावांच्या राडारोड्यातून उभी राहिलेली बाग पुन्हा राडारोडा होऊ लागली.

अशा जागेचं मोल ठरवताना शैली, साहित्य आणि कलावंताचं चरित्र एवढंच पाहून भागणार नाही. तिच्यासाठी हातात हात घालून कोण उभं राहतं, हाही समीक्षेचाच प्रश्न आहे.